ब्रिटिश माणूस म्हणजे नेमका कोण?

इंग्लंड आणि वेल्सच्या जनगणनेत २०११ सालापासून एक प्रश्न विचारला जातो: तुम्ही आपली राष्ट्रीय ओळख कोणती मानता? त्या वर्षी ५७.७ टक्के लोकांनी केवळ ‘इंग्लिश’ या पर्यायावर खूण केली, तर स्वतःला केवळ ‘ब्रिटिश’ म्हणवून घेणारे १९.१ टक्के निघाले. दहा वर्षांनी, २०२१ मध्ये, चित्र पार उलटले. केवळ ‘ब्रिटिश’ ५४.८ टक्के झाले आणि केवळ ‘इंग्लिश’ १४.९ टक्क्यांवर आले. मधल्या काळात युरोपीय संघातून बाहेर पडण्याचा कौल झाला होता, महासाथ येऊन गेली होती, त्यामुळे या आकड्यांमागे काही मोठे मनपरिवर्तन असावे असे कोणालाही वाटेल. प्रत्यक्षात त्याचे एक मोठे कारण फारच साधे होते. इंग्लंडमधल्या प्रश्नावलीत २०११ साली पहिल्या क्रमांकावर ‘इंग्लिश’ होते, २०२१ साली तिथे ‘ब्रिटिश’ आले, आणि असंख्य लोकांनी दोन्ही वेळा सगळ्यात वरच्या चौकटीत खूण केली. पर्यायांचा क्रम बदलल्याने फरक पडल्याचे तिथल्या सांख्यिकी कार्यालयानेही नमूद केले आहे.

ज्यांची स्वतःची ओळख छापील पर्यायांच्या क्रमाने इतकी हलते, त्यांच्याविषयी बाकीच्या जगाच्या मनातले चित्र मात्र अगदी पक्के आहे. हातात छत्री, दुपारी चहा, रांगेत शांतपणे उभा राहणारा, चेहऱ्यावर भावना न उमटू देणारा, वेळेचा पक्का, सौजन्यशील आणि थोडा तुसडा असा तो माणूस आपण सगळे ओळखतो. एखाद्या संपूर्ण समाजाला मोजक्या गुणदोषांत बसवणाऱ्या अशा कल्पनेला साचेबंद समज म्हणतात. हा समज खरा की खोटा, एवढेच विचारून फारसे हाती लागत नाही, कारण त्याच्या बाजूने आणि विरुद्ध हवी तेवढी उदाहरणे सापडतात. तो केव्हा तयार झाला, कोणाकडे पाहून तयार झाला आणि कोणाच्या कामी आला, हे प्रश्न विचारले की ‘ब्रिटिश स्वभाव’ म्हणून सांगितल्या जाणाऱ्या बहुतेक गोष्टींना जन्मसाल असल्याचे दिसू लागते.

त्याआधी या राज्याची रचना पाहायला हवी. युनायटेड किंग्डममध्ये इंग्लंड, स्कॉटलंड, वेल्स आणि उत्तर आयर्लंड असे चार घटक आहेत. वेल्स सोळाव्या शतकात कायद्याने इंग्लंडला जोडले गेले. १६०३ मध्ये स्कॉटलंडचा राजा इंग्लंडच्याही गादीवर बसला, १७०७ मध्ये दोन्ही देशांच्या संसदा एक होऊन ग्रेट ब्रिटन हे राज्य जन्माला आले, १८०१ मध्ये त्यात आयर्लंडची भर पडली आणि १९२२ मध्ये आयर्लंडचा मोठा भाग पुन्हा वेगळा झाला. आज लोकसंख्येचा सुमारे ८४ टक्के हिस्सा एकट्या इंग्लंडमध्ये आहे, आणि त्यामुळेच इंग्लंडचे, त्यातही दक्षिण इंग्लंडचे, चित्र संपूर्ण ब्रिटनच्या नावावर खपून जाते. खेळांच्या मैदानावर हा गुंता उघड दिसतो. फुटबॉलमध्ये चारही घटकांचे वेगवेगळे संघ उतरतात, ऑलिंपिकमध्ये सगळ्यांचा मिळून एक संघ असतो, रग्बीत उत्तर आयर्लंडचे खेळाडू स्वतंत्र आयर्लंडच्या खेळाडूंसह एकाच संघातून खेळतात, आणि आपण ज्याला इंग्लंडचा क्रिकेट संघ म्हणतो तो इंग्लंड व वेल्स अशा दोघांच्या संयुक्त मंडळाचा असतो. २००९ च्या ॲशेस मालिकेतला पहिला कसोटी सामना तर वेल्सची राजधानी कार्डिफ इथे झाला होता.

‘ब्रिटिश’ ही ओळख या घटकांच्या मानाने तरुण आहे. इतिहासकार लिंडा कॉली यांनी मांडलेले विवेचन आता बरेच मान्य झाले आहे: अठराव्या शतकात प्रॉटेस्टंट धर्म, कॅथलिक फ्रान्सशी पुन्हा पुन्हा झालेली युद्धे आणि वाढते साम्राज्य या तीन गोष्टींनी वेगवेगळ्या लोकांना ‘आपण ब्रिटिश’ असे म्हणायला शिकवले. समोर फ्रेंच माणूस उभा असला की इंग्लिश आणि स्कॉटिश यांच्यातला फरक लहान वाटू लागे. या नव्या ओळखीची गरज इंग्लिशांपेक्षा स्कॉटिशांना अधिक होती, कारण इंग्लिश माणसाला साम्राज्यात जागा मिळवण्यासाठी वेगळे नाव घेण्याचे कारण नव्हते, स्कॉटिश माणसाला मात्र होते. म्हणूनच की काय, पुढे इंग्लिशपणाचे मूर्तिमंत प्रतीक ठरलेला जाडजूड, सरळमार्गी ‘जॉन बुल’ १७१२ मध्ये जॉन आर्बथनॉट या स्कॉटिश वैद्याच्या लेखणीतून उतरला, आणि ब्रिटानियाने लाटांवर राज्य करावे असे सांगणाऱ्या १७४० च्या प्रसिद्ध गीताचे शब्दही जेम्स थॉमसन या स्कॉटिश कवीशी जोडले जातात.

महाराष्ट्राच्या इतिहासात याचा पुरावा जागोजागी आहे. पेशवाईच्या अखेरीस पुण्यात रेसिडेंट असलेले आणि १८१९ मध्ये मुंबई इलाख्याचे गव्हर्नर झालेले माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टन, त्यांच्यानंतर त्याच पदावर आलेले जॉन माल्कम, साताऱ्यात राहून मराठ्यांचा इतिहास लिहिणारे जेम्स ग्रँट डफ, ज्यांच्या नावाचे महाविद्यालय मुंबईत आजही उभे आहे ते मिशनरी जॉन विल्सन, हे सारे स्कॉटिश होते. १८०३ मध्ये असईच्या लढाईत मराठी फौजांचा पराभव करणारा आर्थर वेलस्ली आयर्लंडमध्ये जन्मला होता. आपल्या पूर्वजांनी या सगळ्यांना सरसकट ‘इंग्रज’ म्हटले, आणि त्या काळी त्यांच्यापैकी फार थोड्यांनी त्याबद्दल तक्रार केली असती.

आता त्या प्रसिद्ध निर्विकार चेहऱ्याकडे वळू. ६ मे १७९१ रोजी ब्रिटनच्या हाउस ऑफ कॉमन्समध्ये चार्ल्स जेम्स फॉक्स हा त्या काळचा फार मोठा वक्ता बोलायला उभा राहिला. फ्रेंच राज्यक्रांतीवरून त्याचा आणि त्याचा जुना मित्र एडमंड बर्क याचा भर सभागृहात बेबनाव झाला होता, आणि मैत्री संपल्याचे बर्कने नुकतेच सांगितले होते. फॉक्सच्या डोळ्यांतून पाणी वाहू लागले आणि काही वेळ त्याला बोलताच येईना. त्याचे हे रडणे त्या काळच्या रीतीला सोडून नव्हते. अठराव्या शतकातल्या सुसंस्कृत पुरुषाकडून हळवेपणाची अपेक्षाच केली जाई. नाटक पाहताना रडणे हे मन जिवंत असल्याचे लक्षण मानले जाई. उलट युरोपातल्या लोकांचा इंग्लिशांविषयीचा त्या काळचा समज असा होता की हे लोक विषादी आहेत, मनाने दुबळे आहेत आणि सहज जीव देतात. मॉंतेस्क्यूसारख्या फ्रेंच विचारवंताने हे गांभीर्याने लिहून ठेवले आहे, आणि जॉर्ज चेन या डॉक्टराने १७३३ मध्ये खिन्नतेला चक्क ‘इंग्लिश आजार’ असे नाव दिले होते.

मग हा हळवा माणूस दगडी चेहऱ्याचा केव्हा झाला? फ्रेंच राज्यक्रांतीतला रक्तपात पाहून भावनांचा उघड उद्रेक इंग्लंडमधल्या वरच्या वर्गाला धोक्याचा वाटू लागला, हे एक कारण. दुसरे आणि अधिक दूरगामी कारण म्हणजे निवासी शाळा. १८२८ मध्ये थॉमस अर्नल्ड रग्बी येथील शाळेचे मुख्याध्यापक झाले आणि त्यांच्या नमुन्यावर पुढच्या पन्नास वर्षांत अशा शाळांची एक संपूर्ण पिढी घडली. सात-आठ वर्षांचा मुलगा घरापासून दूर पाठवायचा, थंड पाण्याने आंघोळ, मोठ्या मुलांची चाकरी, छडीचा मार, मैदानावरचे खेळ, आणि या सगळ्यात डोळ्यांतून पाणी काढायचे नाही. या शाळांना साम्राज्यासाठी अधिकारी हवे होते. हजारो मैलांवरच्या जिल्ह्यात दहा लाख लोकांवर एकट्याने अधिकार गाजवणाऱ्या पंचविशीतल्या तरुणाला आपली भीती, एकटेपण आणि गोंधळ लपवता येणे हे कामाचे साधन होते. १८५५ मध्ये सनदी सेवेसाठी लंडनमध्ये स्पर्धापरीक्षा सुरू झाली, तेव्हाही तिला बसणारे बहुतेक उमेदवार याच वातावरणातून आलेले होते. भारतीयांच्या वाट्याला आलेला ‘साहेब’ हा असा घडवलेला साहेब होता. लँकेशरच्या कापडगिरण्यांतले कामगार, डरहॅमचे खाणमजूर, वेल्समधल्या प्रार्थनाघरांत मोकळ्या आवाजात गाणारे लोक, लंडनच्या बाजारात आरडाओरड करणाऱ्या फळवाल्या आपल्याकडे फारशा आल्याच नाहीत, आणि जे साधे सैनिक म्हणून आले त्यांच्याबद्दल ‘गोरा सोजीर’ ही अगदी वेगळी, दारू पिऊन दंगा करणाऱ्या माणसाची प्रतिमा आपल्याकडे तयार झाली. म्हणजे एकाच देशाच्या दोन वर्गांसाठी मराठी माणसाच्या मनात दोन स्वतंत्र साचे होते. त्यांतल्या एकाला पुढे ‘ब्रिटिश’ हे नाव चिकटले, दुसरा विसरला गेला.

भावना आणि संकट कमी करून सांगण्याच्या या सवयीची एक किंमत नोंदली गेलेली आहे. एप्रिल १९५१ मध्ये कोरियात इमजिन नदीच्या काठी ब्रिटिश ब्रिगेडवर चिनी सैन्याने प्रचंड संख्येने हल्ला केला. ब्रिगेडियर टॉम ब्रॉडी यांनी अमेरिकी वरिष्ठांना परिस्थिती ‘जराशी अवघड’ असल्याचे कळवले, असे सांगितले जाते. ब्रिटिश अधिकाऱ्यांच्या बोलीत याचा अर्थ ‘आम्ही बुडालो आहोत’ असा होता, पण अमेरिकी सेनानीने शब्दशः घेतले आणि जागा धरून ठेवायला सांगितले. ग्लॉस्टरशर रेजिमेंटची एक बटालियन टेकडीवर वेढली गेली आणि तिचे बहुतेक सैनिक मारले गेले किंवा कैद झाले. ही सवय शाळा-क्लब-सैन्य अशा बंद वर्तुळात काम करते, कारण ऐकणाऱ्यालाही तिची किल्ली ठाऊक असते. वर्तुळाबाहेर ती धोकादायक ठरते, आणि ती ‘संपूर्ण राष्ट्राचा स्वभाव’ नसल्याचे याहून चांगले प्रमाण मला माहीत नाही. १९९७ मध्ये डायानाच्या निधनानंतर लंडनच्या केन्सिंग्टन राजवाड्यापुढे फुलांचा जो समुद्र साचला आणि हजारो लोक उघडपणे रडले, ते पाहून परदेशी वार्ताहर चकित झाले होते. वृत्तपत्रे तर राणीने आपले दुःख लोकांसमोर दाखवावे अशी मागणी करत होती.

दुसऱ्या महायुद्धाची आठवण हा या राष्ट्रीय प्रतिमेचा सगळ्यात मजबूत खांब आहे, आणि त्याची बांधणी जवळून पाहण्यासारखी आहे. लाल पार्श्वभूमी, वर मुकुट, खाली पांढऱ्या अक्षरांत ‘शांत राहा आणि काम चालू ठेवा’ अशा अर्थाचा मजकूर असलेले पोस्टर आज कपबश्यांपासून टी-शर्टांपर्यंत सर्वत्र दिसते. बॉम्बवर्षावात लंडनकरांना धीर देणारे पोस्टर म्हणून ते ओळखले जाते. मात्र ते लंडनकरांनी त्या काळी जवळजवळ पाहिलेच नव्हते. १९३९ मध्ये माहिती मंत्रालयाने त्याच्या सुमारे २४ लाख ५० हजार प्रती छापल्या आणि मोठ्या हल्ल्याच्या वेळी लावण्यासाठी राखून ठेवल्या. त्याच मालिकेतले दुसरे एक पोस्टर, ‘तुमचे धैर्य, तुमची उमेद, तुमचा निर्धार आम्हाला विजय मिळवून देईल’ अशा आशयाचे, आधी भिंतींवर लागले होते आणि त्यावर टीका झाली; धैर्य ‘तुमचे’ आणि विजय ‘आमचा’ हे वाक्य साहेबाने नोकराला सांगावे तसे लोकांना वाटले. राखीव पोस्टर मग बाहेर आलेच नाही आणि १९४० मध्ये बहुतेक प्रती लगद्यासाठी गेल्या. २००० साली ईशान्य इंग्लंडमधल्या ॲलनिक गावात, जुन्या रेल्वे स्थानकाच्या इमारतीत चालणाऱ्या पुस्तकांच्या दुकानात, लिलावात घेतलेल्या पुस्तकांच्या खोक्याच्या तळाशी त्याची एक घडी केलेली प्रत सापडली. दुकानदारांनी ती चौकट करून लावली, गिऱ्हाइकांनी प्रती मागितल्या, आणि २००८ च्या आर्थिक मंदीनंतर तिचा खप बेसुमार वाढला. १९४० च्या लोकांच्या धीरोदात्तपणाची म्हणून मिरवली जाणारी ही खूण एकविसाव्या शतकातल्या, नोकरी जाण्याच्या भीतीने धास्तावलेल्या लोकांनी लोकप्रिय केली.

१९४० च्या खऱ्या लंडनकरांनी काय केले, हे कमी रंजक नाही. बॉम्ब पडू लागल्यावर भुयारी रेल्वेच्या स्थानकांत आसरा घेऊ देण्यास सरकारने सुरुवातीला नकार दिला. लोकांनी स्वस्तातले तिकीट काढले, खाली उतरले आणि वर यायचे नाकारले. सरकारला नमते घ्यावे लागले. आज्ञाधारक, नियम पाळणारा ब्रिटिश माणूस शोधायला त्या फलाटांवर गेलो तर हाती काही लागणार नाही.

रांगेची गोष्टही अशीच आहे. १८३७ मध्ये टॉमस कार्लाइल या इतिहासकाराने आपण होऊन रांगेत उभे राहण्याची कला हे फ्रेंच लोकांचे वैशिष्ट्य असल्याचे लिहिले होते. ब्रिटिशांना रांगेची सवय लावली ती प्रामुख्याने टंचाईने. युद्धकाळात सुरू झालेली शिधावाटप पद्धत ब्रिटनमध्ये १९५४ पर्यंत चालली, आणि पावावर तर युद्ध संपल्यानंतर, १९४६ मध्ये, निर्बंध आले. चौदा वर्षे मांसासाठी, साखरेसाठी, लोण्यासाठी तिष्ठत उभे राहिलेल्या गृहिणींचा त्रास पुढच्या पिढीने राष्ट्रीय गुण म्हणून स्वीकारला. एकदा स्वीकारल्यावर तो खरा होऊ लागतो, हेही मान्य करायला हवे. सप्टेंबर २०२२ मध्ये दुसऱ्या एलिझाबेथ राणीच्या अंत्यदर्शनासाठी टेम्स नदीच्या काठाने लागलेल्या रांगेत सुमारे अडीच लाख लोक उभे राहिले, काहींना चोवीस तासांपर्यंत थांबावे लागले, आणि दूरचित्रवाणीवरचे निवेदक त्या रांगेबद्दल जणू ती राष्ट्रीय सोहळ्याचाच भाग आहे अशा सुरात बोलत होते. आपल्याविषयीचा साचा माहीत असलेली माणसे त्या साच्याप्रमाणे वागतात आणि त्यात त्यांना आनंदही मिळतो.

पण त्याच देशाची दुसरी प्रतिमाही शेजारीच उभी होती. १९८५ मध्ये ब्रसेल्सच्या हायझेल मैदानावर युरोपीय चषकाच्या अंतिम सामन्याआधी इंग्लिश प्रेक्षकांनी समोरच्या गटावर चाल केली, भिंत कोसळली आणि ३९ जण मृत्युमुखी पडले, त्यांत बहुतेक इटालियन होते. त्यानंतर इंग्लिश क्लबांवर युरोपात पाच वर्षे बंदी आली. त्या दशकात इटली किंवा बेल्जियममध्ये ‘ब्रिटिश माणूस’ म्हटल्यावर रांगेतला सद्गृहस्थ कोणाच्या डोळ्यांपुढे येत नव्हता.

हवामान, खाणे आणि चहा यांच्याबद्दल थोडक्यात सांगून पुढे जाऊ. लंडनमध्ये वर्षभरात साधारण ६०० मिलिमीटर पाऊस पडतो, मुंबईत एकट्या जुलैमध्ये त्याहून अधिक पडतो. तिथला पाऊस मोठा नसतो, फक्त केव्हा येईल याचा भरवसा नसतो. कादंबऱ्यांमधले लंडनचे गूढ धुके बरेचसे कोळशाच्या धुराचे होते. डिसेंबर १९५२ मध्ये त्या धुराने काही दिवसांत हजारो बळी घेतले, १९५६ मध्ये स्वच्छ हवेचा कायदा आला आणि ते धुके हळूहळू इतिहासजमा झाले. सतराव्या शतकातले लंडन चहाचे नव्हे, कॉफीचे शहर होते. मुंबई ज्यांच्या विवाहकरारातून इंग्लंडकडे गेली त्या ब्रागांझाच्या कॅथरीन राणीने दरबारात चहाला प्रतिष्ठा मिळवून दिली, पण तो सामान्यांपर्यंत पोचला १७८४ मध्ये त्यावरचा कर ११९ टक्क्यांवरून साडेबारा टक्क्यांवर आणल्यानंतर, आणि कामगारांच्या घरोघरी रुजला तो आसामच्या मळ्यांतल्या मजुरांच्या घामावर. तळलेले मासे ज्यू स्थलांतरितांनी आणले. ‘चिकन टिक्का मसाला’ हा खरा ब्रिटिश राष्ट्रीय पदार्थ असल्याचे २००१ मध्ये परराष्ट्रमंत्री रॉबिन कुक यांनी भाषणात सांगितले होते. राहता राहिले दात: ब्रिटिशांचे दात वाईट असतात हा अमेरिकी विनोद २०१५ मध्ये ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मधल्या एका अभ्यासाने तपासला, तेव्हा पडलेल्या दातांची सरासरी इंग्लंडपेक्षा अमेरिकेतच किंचित जास्त निघाली.

इतक्या साऱ्या समजांमध्ये सत्याचा काही अंश तरी असेल, असे म्हणण्याचा मोह होतो. २००५ मध्ये ‘सायन्स’ या नियतकालिकात ४९ संस्कृतींचा एक मोठा अभ्यास प्रसिद्ध झाला. संशोधकांनी प्रत्येक ठिकाणी ‘आपल्या देशातला नमुनेदार माणूस कसा असतो’ हे लोकांना विचारले आणि त्याच समाजातल्या प्रत्यक्ष माणसांच्या स्वभावाच्या मोजमापाशी त्याची तुलना केली. दोन्हींचा मेळ बसला नाही. कॅनडा आणि अमेरिका यांतल्या लोकांना आपापले स्वभाव अगदी भिन्न वाटत होते, मोजमापात ते जवळजवळ सारखेच होते. शितावरून भाताची परीक्षा करायची तर शीत त्याच भांड्यातले असावे लागते. राष्ट्रीय स्वभावाच्या बाबतीत आपण बहुधा शेजारच्या पंगतीतले, तेही शंभर वर्षांपूर्वीचे, शीत चाचपत असतो.

तरीही या समजांना कमी लेखून चालणार नाही, कारण राजकारणात ते हत्यारासारखे वापरले गेले आहेत. आपल्याकडचे उदाहरण आधी घेऊ. अठराव्या शतकाच्या सुरुवातीला रामचंद्रपंत अमात्यांच्या आज्ञापत्रात इंग्रजांसह सर्व टोपीकरांचे वर्णन आहे: हे इतर सावकारांसारखे सावकार नव्हेत, यांच्या पाठीशी यांचे राजे आहेत, आणि ही जात हट्टी, हाती आलेले ठिकाण मेल्याशिवाय सोडणार नाही. हा साचा सावधगिरीसाठी होता आणि तो कारभाऱ्याच्या नजरेचा होता. सव्वाशे वर्षांनी, १८४८ पासून, लोकहितवादींनी ‘प्रभाकर’मधल्या पत्रांत इंग्रजांचा उद्योगीपणा आणि विद्येची ओढ वाखाणली, तेव्हा त्यांचा रोख इंग्रजांवर नव्हताच, आळसावलेल्या स्वकीयांना खडबडून जागे करण्यासाठी त्यांना समोर एक आदर्श उभा करायचा होता. खरा इंग्रज तितका आदर्श होता की नाही, याची त्यांना फार चिंता असण्याचे कारण नव्हते.

या हत्याराचा सर्वांत कुशल वापर दादाभाई नौरोजींनी केला. ब्रिटिश माणूस न्यायी असतो, खेळाचे नियम पाळतो, दिलेला शब्द मोडत नाही, ही ब्रिटिशांची स्वतःविषयीची लाडकी समजूत होती. दादाभाईंनी ती खोटी ठरवण्याऐवजी जशीच्या तशी मान्य केली आणि मग विचारले की भारतातले तुमचे राज्य या कसोटीला उतरते का. १९०१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या ग्रंथाच्या नावातच भारतावरच्या राज्याला ‘अ-ब्रिटिश’ म्हटले आहे. त्याआधी, १८८८ मध्ये, पंतप्रधान लॉर्ड सॉल्झबरी यांनी ब्रिटिश मतदार अजून ‘काळ्या माणसाला’ निवडून देतील असे वाटत नाही, असे दादाभाईंना उद्देशून जाहीर सभेत म्हटले होते. चार वर्षांनी लंडनच्या सेंट्रल फिन्सबरीतल्या मतदारांनी अगदी मोजक्या मतांच्या फरकाने का होईना, दादाभाईंना संसदेत पाठवले. कोण अधिक ब्रिटिश होते, पंतप्रधान की मतदार, हा प्रश्न दादाभाईंच्या लिखाणाला पूरकच होता.

पण हीच कल्पना ढाल म्हणूनही वापरता येते, आणि त्यासाठी १९२० च्या जुलै महिन्यातली संसद पाहावी. जालियनवाला बागेतल्या हत्याकांडावर चर्चा चालू असताना युद्धमंत्री विन्स्टन चर्चिल यांनी डायरचा तीव्र निषेध केला आणि दहशत हे ब्रिटिश औषधसंग्रहातले औषध नाही, असे सांगितले. वाक्य प्रभावी आहे आणि निषेधही खरा होता. मात्र त्याचा परिणाम असा की गोळीबार एका माणसाचा आणि ब्रिटिशपणाच्या बाहेरचा ठरला, राज्यपद्धती नामानिराळी राहिली. त्याच महिन्यात हाउस ऑफ लॉर्ड्सने डायरच्या बाजूने मत दिले आणि ‘मॉर्निंग पोस्ट’ या दैनिकाने त्याच्यासाठी सुमारे २६ हजार पौंडांचा निधी जमवला. वर्गणी देणारे लोक स्वतःला पूर्णपणे ब्रिटिश समजत होते. एखादा समाज ‘हे आमच्यात बसत नाही’ असे म्हणतो तेव्हा तो आपले वर्णन करत नसतो. कोणत्या गोष्टी हिशेबात धरायच्या आणि कोणत्या वगळायच्या, हे ठरवत असतो.

साम्राज्य गेल्यावर हिशेब अधिक अवघड झाला, कारण आता त्या साम्राज्यातली माणसे ब्रिटनमध्ये राहायला आली. १९४८ च्या कायद्याने ब्रिटन आणि वसाहतींमधल्या लोकांना एकच नागरिकत्व दिले, आणि कॅरिबियन बेटांतून आलेले लोक कायद्याच्या दृष्टीने एका ब्रिटिश प्रदेशातून दुसऱ्या ब्रिटिश प्रदेशात येत होते. तरी त्यांना ब्रिटिशपण सिद्ध करायला सांगितले गेले, ते आजही सांगितले जाते. २००५ पासून नागरिकत्वासाठी एक परीक्षा द्यावी लागते: ४५ मिनिटे, २४ प्रश्न, उत्तीर्ण होण्यासाठी १८ बरोबर उत्तरे. २०१४ पासून इंग्लंडमधल्या शाळांवर ‘मूलभूत ब्रिटिश मूल्ये’ जोपासण्याची जबाबदारी आहे, आणि ती मूल्ये म्हणजे लोकशाही, कायद्याचे राज्य, व्यक्तिस्वातंत्र्य आणि वेगळ्या श्रद्धा असलेल्यांविषयी आदर व सहिष्णुता. यांतले खास ब्रिटिश काय, असा प्रश्न अनेक शिक्षकांनाही पडला, कारण ही यादी डेन्मार्कलाही तितकीच लागू पडेल. चहा, रांग, छत्री यांना अधिकृत यादीत जागा मिळणे शक्य नव्हते, आणि ज्यांना जागा मिळाली त्या गोष्टी कोणत्याही एका राष्ट्राच्या मालकीच्या नाहीत.

कसोटीचा सगळ्यात गाजलेला प्रकार क्रिकेटचा होता. १९९० मध्ये नॉर्मन टेबिट या हुजूर पक्षाच्या नेत्याने स्थलांतरित आशियाई लोक कोणत्या संघाच्या बाजूने ओरडतात, यावरून त्यांची निष्ठा ओळखावी, असे सुचवले. न. चिं. केळकरांच्या पुढाकाराने १९३२ मध्ये स्थापन झालेल्या लंडनच्या महाराष्ट्र मंडळातल्या कुटुंबांना ही कसोटी कशी वाटली असेल, हे सांगायला नको. ज्या घरात आजोबा भारताच्या बाजूने, नात इंग्लंडच्या बाजूने आणि मधला बाप सामन्याच्या स्थितीनुसार बाजू बदलतो, त्या घराला टेबिट कोणत्या रकान्यात टाकणार होते? स्कॉटलंडमधले अनेक जण इंग्लंडच्या पराभवावर खुश होतात, त्यांची निष्ठा तपासण्याचे मात्र कोणी सुचवले नाही.

१४ जुलै २०१९ रोजी लॉर्ड्सवर इंग्लंडने पुरुषांचा एकदिवसीय विश्वचषक पहिल्यांदा जिंकला. कर्णधार ऑइन मॉर्गन डब्लिनचे, सामन्याचा मानकरी बेन स्टोक्स न्यूझीलंडमध्ये जन्मलेला, निर्णायक षटक टाकणारा जोफ्रा आर्चर बार्बाडोसमध्ये जन्मलेला आणि फिरकी गोलंदाज आदिल रशीद ब्रॅडफर्डमधल्या पाकिस्तानी वंशाच्या कुटुंबातला. सामना आणि सुपर ओव्हर दोन्ही बरोबरीत सुटले होते आणि इंग्लंड चौकार-षटकारांच्या संख्येवर जिंकले होते, म्हणून पत्रकार परिषदेत एकाने मॉर्गनना विचारले की हे आयरिश लोकांचे ते प्रसिद्ध नशीब म्हणायचे का. अल्लाहही आमच्या बाजूने होता, असे मॉर्गननी उत्तर दिले. आपण आदिलशी बोललो होतो आणि त्याने तसे खात्रीने सांगितले होते, असेही ते म्हणाले.